एन्डेव्हर, १:६० लाकडी किट: नऊ महिने बांधणी, तीन महिने काचेत

या मॉडेल जहाजाच्या खोक्यावर ‘मध्यम अवघड’ असं छापलंय. डेक, तोफा आणि होड्या एवढंच बघितलं तर ते खरं आहे. पण एन्डेव्हर हे मुळात कोळसा वाहायचं जहाज. १७६४ साली व्हिटबीला ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ या नावानं ते पाण्यात उतरलं, १७६८ मध्ये ब्रिटिश नौदलानं विकत घेतलं आणि जेम्स कुकच्या पॅसिफिक सफरीसाठी त्याचं नाव बदललं. माल जास्त मावावा म्हणून तळ सपाट आणि नाळ (जहाजाचा पुढचा भाग) घागरीच्या पोटासारखी गोल. सगळी कसोटी त्या गोलाईत लागते, आणि मॅन्युअल नेमकं तिथेच चार ओळींत आटोपतं.

मूळ जहाज ९७ फूट ८ इंच लांब आणि २९ फूट २ इंच रुंद होतं. म्हणजे १:६० ला नुसती हल (जहाजाचं मुख्य धड) साधारण ५० सेंटीमीटर लांब आणि १५ रुंद येते. बोस्प्रिट (नाळेतून पुढे आलेली काठी) धरून लांबी ७० च्या पुढे जाते. एकूण सुमारे ४३० तास लागले. त्यातले १५० हलच्या पट्ट्यांचे आणि १७० दोरकामाचे. उरलेलं सगळं मिळून ११० तासांत झालं.

सांगाडा ५ मिमी प्लायच्या कीलवर (तळाच्या कण्यावर) ११ बल्कहेडचा (आडव्या पडद्यांचा) आहे. लेझर कटिंग अचूक आहे, पण खाचा घट्ट आहेत. हातोडी लावू नका, प्लायचे थर सुटतात. खाचेतला जळका काळा थर पॉलिश पेपरनं काढला की बल्कहेड अंगठ्याच्या जोरानं बसतो आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गमही नीट धरतो. त्याआधी कील सरळ आहे का ते बघा. या किटमधली मध्यावर दीड मिमी वाकलेली होती. सरळ पट्टीला क्लॅम्पनं बांधून, सगळे बल्कहेड कोरडेच बसवून, मग गम सोडला तर बाक निघतो. पट्ट्या लागल्यावर तो कशानंही निघत नाही.

पहिल्या दोन बल्कहेडमध्ये बाल्सा या मऊ लाकडाचे ठोकळे भरा. किटमध्ये ते नाहीत, मॅन्युअलमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. पण त्यांच्याशिवाय नाळेची पट्टी दोन धारांवर तरंगते, मधे सपाट पडते आणि गोलाईला कोपरे येतात. ठोकळे भरल्यावर बल्कहेडच्या कडा तिरक्या घासायच्या. मधल्यांना जवळजवळ काहीच लागत नाही, पुढच्या तीनांना मात्र ४५ अंशांपर्यंत उतार लागतो. एक पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत नुसती धरून बघा. ती प्रत्येक बल्कहेडला धारेवर न टेकता पूर्ण रुंदीनं टेकली की घासणं थांबवा.

मागच्या टोकाला अजून एक गोम आहे. पहिला थर १.५ मिमी, दुसरा ०.५. दोन्ही बाजू धरून कीलवर ४ मिमी चढतात, म्हणजे ५ मिमीच्या स्टर्नपोस्टशेजारी (सुकाणू धरणाऱ्या मागच्या खांबाशेजारी) ९ मिमीची भिंत उभी राहते आणि सुकाणू बसवताना ती डोळ्यांत खुपते. कीलचा तो भाग आधीच दोन्हीकडून घासून २ मिमीवर आणा आणि पहिल्या थराची टोकं १ मिमीपर्यंत पातळ करा. २ अधिक दोन्हीकडचे दीड-दीड, बरोबर ५.

आता पट्ट्या. पहिला थर लाइमवुडचा, ५ मिमी रुंद. कागदाची पट्टी लावून वेलपासून (हलच्या बाजूच्या जाड पट्टीपासून) कीलपर्यंतचं अंतर मोजलं तर मधल्या बल्कहेडवर ११० मिमी येतं, म्हणजे २२ पट्ट्या. नाळेपाशी तेच अंतर ५८ मिमी. त्यामुळे तिथे प्रत्येक पट्टी २.६ मिमीपर्यंत निमुळती करावी लागते. पट्टी अर्ध्या रुंदीच्या खाली नेऊ नये हा जुना नियम इथे कसाबसा पाळला जातो. जराशी जास्त घासली गेली की टोक पिनेनं चिरतं. तसं होत असेल तर शेजारच्या दोन पट्ट्या टोकाला एकाच पट्टीत मिळवा. मागे उलटं आहे: अंतर १२१ मिमी, पट्ट्या ११० मिमीच भरतात. उरलेली जागा पुट्टीनं भरण्याचा मोह होतो. तिथे पाचरीच्या आकाराच्या दोन पट्ट्या घाला, खऱ्या जहाजबांधणीतही हेच करत.

लाइमवुड कोमट पाण्यात २० मिनिटं पुरे. भिजवून साच्यावर बांधा आणि रात्रभर वाळू द्या, मगच चिकटवा. ओली पट्टी रुंदीला फुगलेली असते. तशीच चिकटवली तर आठवड्यात प्रत्येक सांध्यात फट दिसते आणि लोक गमला दोष देतात. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. एका बाजूच्या पाच पट्ट्या आधी उरकल्या तर कील केळ्यासारखी वाकते.

दुसरा थर अक्रोडाचा. बंडलात ७० पट्ट्या, त्यातल्या ९ निरुपयोगी: दोन चिरलेल्या, बाकीच्यांचे रेषे आडवे, म्हणजे वाकवताच तुटणार. उरलेल्या रंगानुसार तीन ढिगांत लावून घ्या आणि सगळ्यात चांगला ढीग पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागात वापरा. खालचं सगळं रंगाखाली जाणार आहे, तिथे सुंदर अक्रोड घालवण्यात अर्थ नाही. सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा सुपरग्लू) जपून वापरा. तो अक्रोडावर सांडला की त्या डागावर पॉलिश धरत नाही आणि घासून काढायला गेलात तर अर्ध्या मिमीचा थर आरपार जातो.

तळाच्या रंगाबद्दल किट बरोबर आहे. अनेक जण हौसेनं तांब्याचे पत्रे लावतात, पण एन्डेव्हरला तांबं नव्हतं. लाकडाचं पातळ आवरण, त्यात ठोकलेले रुंद डोक्याचे खिळे आणि वर तेल, राळ व गंधकाचा पांढुरका लेप, अशी तिची रचना होती. ब्रिटिश नौदलात तांबं सरसकट आलं ते १७७९-८० नंतर. पांढराशुभ्र रंग मात्र मारू नका. किंचित पिवळट मॅट छटा घ्या आणि पातळ तीन हात द्या.

डेक सोपा आहे. ३ मिमीच्या पट्ट्या १० सेंटीमीटरला कापा, म्हणजे खरे ६ मीटर. सांध्यांसाठी एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवा. मार्करची शाई वार्निशबरोबर लाकडात पसरते. तोफा दहा, त्यांचं ओतकाम ठीकठाक. कडेचा शिवण दिसतो तेवढा घासला की झालं.

दोरकामात किट खरंच कमी पडतं. दोरा पॉलिएस्टरचा, केसाळ, आणि जाडी तीनच प्रकारची: ०.२५, ०.५ आणि १ मिमी. जुन्या कोष्टकांत दोराचा घेर इंचांत दिलेला असतो आणि बरेच जण तोच व्यास समजतात. १२ इंच घेराचा दोर म्हणजे ९७ मिमी व्यास, १:६० ला १.६ मिमी. किटच्या १ मिमी दोऱ्यानं मेनस्टे (मुख्य डोलकाठीला पुढून धरणारा जाड दोर) केला तर तो सुतळीसारखा दिसतो. स्टे आणि श्राउडसाठी (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या दोरांसाठी) पीळ घातलेला चांगला दोरा वेगळा घ्या. चालत्या, म्हणजे शिडं-यार्ड हलवणाऱ्या, दोरांना किटचाच दोरा मेण फिरवून चालतो.

ब्लॉक, म्हणजे दोरांच्या कप्प्या, चौकोनी आहेत, खाच फक्त नावाला. आतून पॉलिश पेपर लावलेल्या डबीत ते घालून ड्रिलवर दहा मिनिटं फिरवले की कडा गोल होतात. यार्डवरचे (शिडाच्या आडव्या काठीवरचे) सगळे ब्लॉक आणि आयबोल्ट (कडीचे खिळे) डोलकाठी उभी करण्याआधीच बांधा. नंतर तिथे चिमटाही पोचत नाही. डोलकाठीचे डॉवेल (गोल काठ्या) काचेवर लोळवून बघा, आठातले दोन डुगडुगले.

श्राउड जोडीनं चढतात: उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, असं आलटून पालटून. डेडआयमधलं (श्राउड ताणायच्या भोकाच्या लाकडी चकत्यांमधलं) अंतर सारखं यावं म्हणून तारेचा एक साचा करून ठेवा, नाहीतर ओळ दातांसारखी वरखाली होते. रॅटलाइन (श्राउडवरचे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोर) ६ मिमी अंतरावर, मधल्या श्राउडना क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ). मॅन्युअल म्हणतं ‘घट्ट ओढा’. ओढू नका, श्राउड मधे आत येऊन डमरू होतो. गाठीवर पाणी घातलेल्या गमचा थेंब पुरतो. रोज एकच बाजू करा. शेकडो गाठी आहेत आणि थकलेल्या हाताच्या गाठी लगेच ओळखू येतात.

शिडाचं कापड या स्केलला जाड आहे. उघडी शिडं नकोतच. गुंडाळलेली हवी असतील तर पातळ कापड घ्या आणि शीड निम्म्या उंचीचं कापा, पूर्ण कापलंत तर यार्डवर गादी ठेवल्यासारखं दिसतं.

काचेत ठेवून तीन महिने झाले. नाळेच्या डाव्या बाजूला अक्रोडाच्या दोन सांध्यांत केसाएवढी फट आली आहे. त्या दोन पट्ट्या अर्धवट ओल्या असताना लागल्या होत्या. उजवी बाजू जशीच्या तशी आहे. किटच्या पॉलिएस्टरचे दोन ब्रेस (यार्ड फिरवायचे दोर) सैल पडले. ते बिलेइंग पिनवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) फक्त गुंडाळलेले असल्यानं पुन्हा ओढता आले, वर वेटोळं चिकटवलं आणि काम झालं. तिथे आधी गम ओतला असता तर दोर कापावा लागला असता.