जुनं ‘विलायती’ रिव्हॉल्व्हर आणि नवा ठप्पा

जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात असेल आणि कुणी ‘विलायती माल आहे’ म्हणत असेल, तर आधी हे वाचा आणि मगच टोकन द्या. माझे पन्नास हजार गेले. पैशापेक्षा मोठं संकट थोडक्यात टळलं, ते पुढे येईलच.

पिंपळगाव बसवंतला माझा कांद्याचा व्यापार आहे. वेळीअवेळी रोकड घेऊन हायवेने यावं लागतं, म्हणून परवाना काढला. पॉइंट ३२ (म्हणजे नळीचं माप) रिव्हॉल्व्हरचा. नवं घ्यायचं तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, साधारण लाखाच्या घरात. पण ट्रिगर जड असतो अशी त्याची ख्याती. दुसरीकडे जुनं इंग्लिश वेब्ली किंवा अमेरिकन मिळालं तर लोक चार-पाच लाख मोजायला तयार असतात. कारण सरळ आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करणं बंद आहे. जे आधी आलं तेच हातोहात फिरतंय, आणि दरवर्षी महाग होतंय. एवढ्या किमतीच्या फरकात कुणाची तरी नियत फिरणारच.

एका ओळखीतून एजंट भेटला. “नाना, विलायती माल, देवळाली कॅम्पातलं फौजी घर आहे. साहेबांनी कपाटाबाहेर काढलेलं नाही. डोळे झाकून घ्या.” देवळाली म्हटलं की नाशिककराचा निम्मा संशय आपोआप मावळतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. परवानाधारक म्हातारे गृहस्थ घरातच होते, हत्यारही त्यांच्याच ताब्यात होतं. ते गप्प, सगळं बोलणं एजंटचं.

आता खरी गंमत सांगतो. डबल ॲक्शन म्हणजे नुसता ट्रिगर ओढला की घोडा (गोळीवर आपटणारा हॅमर) मागे जातो, चक्री (गोळ्या भरायची घरं असलेलं सिलिंडर) एक घर फिरते, जागेवर अडकते आणि मग घोडा पडतो. हा क्रम चुकता कामा नये. एजंटने रिकाम्या हत्याराचा घोडा अंगठ्याने झटकन मागे ओढून दाखवला. खट, खट, खट. चक्री प्रत्येक वेळी बरोबर नळीसमोर. बघणारा खूश. पण झटक्याने ओढलं की चक्री नुसत्या वेगाच्या जोरावरही जागेवर जाऊन बसते, झिजलेली असली तरी. खरी परीक्षा ट्रिगर अगदी सावकाश ओढण्यात आहे. मी म्हाताऱ्यांना विचारून, घरं रिकामी असल्याची खात्री करून सावकाश ओढला, तर दोन घरांवर चक्री अडकायच्या आधीच घोडा पडला. अशा हत्यारातून गोळी सुटली तर ती नळीच्या चक्रीकडच्या तोंडाला घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात, कधी चालवणाऱ्याच्या हातावर, कधी शेजारच्याच्या डोळ्यात. “जुनं आहे नाना, मिस्त्री शंभर रुपयांत करून देईल,” एजंट हसत म्हणाला. शंभर रुपयांत!

हे मधून मोडून उघडणारं, बिजागरीचं मॉडेल होतं. इथेच डाव सोपा होतो. कानपूरचं पॉइंट ३२ मुळात वेब्लीच्याच धर्तीवर बनलंय. घाट तोच, सहा घरं तीच. नळीवरची अक्षरं घासून काढली, नवा निळा रंग चढवला आणि ‘मेड इन इंग्लंड’ ठोकलं की दुरून फरक कळत नाही. (२०२० नंतर वेब्लीच्या नावाने उत्तर प्रदेशातही रिव्हॉल्व्हर बनू लागली. ती रीतसर आणि नवी आहेत, त्यांचा या जुन्या मालाशी काही संबंध नाही. पण एजंट लोक ‘वेब्ली’ एवढाच शब्द उच्चारतात आणि पुढचं आपल्यावर सोडतात.)

भाव चार लाख ठरला. दुरुस्ती त्यांनीच करून द्यायची, ती मंजुरी असलेल्या मिस्त्रीकडून, आणि कागदपत्रांच्या कामासाठी पन्नास हजार टोकन. ते मी यूपीआयने दिलं. रोख मागत होता, ते नाकारलं. फोटो मात्र भरपूर काढून घेतले होते. शहरात एका जुन्या दुकानातल्या मिस्त्रींना ते दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि मोबाइल नाकाजवळ नेला. “नाना, इंग्लंडात बर्मिंगहॅमला हत्यार तपासून पास करणारा माणूस नळीवर ठप्पा मारतो, तसा चक्रीच्या एकेका घरावर मारतो. मुकुट आणि त्याखाली अक्षरं. इथं एकही घर सांगतंय का काही?” मग त्यांनी नळीचा फोटो मोठा केला. अक्षरांच्या पट्ट्यात पृष्ठभाग किंचित खोल गेला होता, उजेडाची रेघ तिथे लाटेसारखी वाकत होती. आणि अक्षरांच्या कडा करकरीत, जणू कालच मारलेल्या. साठ वर्षं पुसून पुसून वापरलेल्या हत्यारावर कडा गोल होतात.

परवान्याची झेरॉक्स एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. मेकच्या, म्हणजे बनावटीच्या, रकान्यावर नेमका त्याचा अंगठा. मी म्हटलं, मागच्या निवडणुकीत पोलीस ठाण्यात हत्यार जमा केल्याची पावती पाठवा. ती त्याने बिनदिक्कत पाठवली, बहुतेक न वाचताच. त्यावर लिहिलं होतं : पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर, आय.ओ.एफ. (इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणजे आपला सरकारी कारखाना), आणि नंबर तोच.

इथे पैशाचा विषय संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ म्हणतं की हत्यारावरचं नाव, नंबर, खूण घासायची नाही, बदलायची नाही. आणि असं हत्यार ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच ते केलं असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतात. म्हणजे चार लाख देऊन मी आरोपीच्या पिंजऱ्याचं तिकीट काढत होतो. शिवाय एजंट म्हणत होता, “कागद होतील तोवर घरी न्या, हाताला बसतंय का बघा.” परवान्यावर न चढलेलं हत्यार घरात सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहेत. खाजगी विक्री करणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात. म्हाताऱ्यांकडे असं कळवल्याची पोच मागितली. त्यांनी एजंटकडे बघितलं. एजंटने चहा मागवला.

व्यवहार नको म्हटल्यावर टोकन ‘खर्ची पडलं’. कशात, ते विचारू नका. म्हातारे म्हणाले, आपल्याला हे असंच मिळालं होतं. ते खरं की खोटं, ते पोलिसांनी बघावं. मी अर्ज दिलाय, त्याला व्यवहाराचा स्क्रीनशॉट, नळीचे फोटो आणि जमा पावतीची प्रत जोडली आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न मलाच झाला, “तुमच्याकडे ते हत्यार आहे का?” नाही म्हणताना बरं वाटलं.

ज्यांना जुनंच घ्यायचंय त्यांना एवढंच सांगेन की हत्यार बघण्याआधी मूळ परवाना हातात घ्या, झेरॉक्स नाही, आणि मेक व नंबर स्वतः वाचा. मग विकणाऱ्याला म्हणा, परवानाधारक दुकानात आणा, तिथे मिस्त्रीसमोर बघू. माझ्या एजंटने दर वेळी दुकानाचं नाव काढलं की विषय बदलला.

ते रिव्हॉल्व्हर अजून विकायला फिरतंय असं कानावर आलं. ओळखायची खूण म्हणजे मुठीच्या डाव्या पट्टीचा खालचा कोपरा तुटलाय आणि तिथे काळी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. भाव आता साडेतीन लाख सांगतात म्हणे.