दहा माणसं आणि गॅसचे आठ डबे: उंच शिखराच्या मोहिमेत गट कसा फसवला जातो

सहा हजार मीटरच्या आसपासच्या शिखरावर गट नेणाऱ्याला फसवायचं असेल, तर पैसे घेऊन पळून जायची गरजच नसते. तो डोंगरापर्यंत नेतो, तंबू लावतो, वरच्या कॅम्पलाही पोचवतो. तिथून समिट न होता, म्हणजे शिखर न गाठता, गट परततो, तेव्हा बहुतेकांची समजूत एकच असते: आपलाच दम कमी पडला. मग तक्रार कशाची करणार? आमचा गट असाच परतला. आयोजकाचं नाव देत नाही. ही युक्ती काही त्याच्या एकट्याची नाही.

सगळा खेळ दिवसांचा आहे. वर काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे अख्ख्या गटाचं जेवण, इंधन आणि पोर्टर-गाईडची मजुरी. ते दिवस कापले की नफा सुटतो. आम्हाला पाठवलेली आयटिनरी, म्हणजे दिवसवार कार्यक्रम, कागदावर चोख होती: विश्रांतीचा दिवस होता, हवामान बिघडलं तर म्हणून वरचे दोन दिवस राखीव होते. प्रत्यक्षात ‘हवामान बिघडणार आहे, आत्ताच वर सरकू’ असं सांगून विश्रांतीचा दिवस गाळला गेला. मुक्काम पडले 2700, 3500, 4300 आणि 5000 मीटरवर, सलग. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा गिर्यारोहण वैद्यकातला सर्वमान्य दंडक. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे मॅरेथॉन पळणाराही डोकं धरून बसतो, कारण विरळ हवेशी जुळवून घेणं हे व्यायामाने नाही, वेळ दिल्यानेच होतं. म्हणून हवामानाचं कारण पुढे आलं की अंदाज स्वतः बघायला मागा: शिखराच्या उंचीवरचा वारा किती, कोणत्या तारखेला, कुठल्या वेळी. ‘लोकल लोक सांगतायत’ हे उत्तर नव्हे.

राखीव दिवस मुळात होते का, याचा पुरावा मात्र स्वयंपाकाच्या तंबूत मिळतो. वर पाणी म्हणजे बर्फ वितळवणं. पिण्याचं आणि जेवणाचं मिळून माणशी दिवसाला 150 ते 200 ग्रॅम गॅस सहज लागतो. दहा माणसांना दिवसाला दीड किलो धरा. वर नेण्यासाठी काढलेले डबे होते आठ, प्रत्येकी 450 ग्रॅमचे, म्हणजे 3.6 किलो. अडीच दिवसांत खडखडाट. चढाई, उतरणं आणि दोन राखीव दिवस यांना किमान चार दिवसांचा, म्हणजे सहा किलो गॅस हवा. थोडक्यात, बेस कॅम्प सोडण्याआधीच राखीव दिवस गायब होते. ते फक्त पीडीएफमध्ये होते. डबे मोजताना वजनही करा, साधा ताणकाटा पुरतो. पुन्हा भरलेले डबे सर्रास चालवले जातात आणि त्यात बहुधा नुसता ब्युटेन असतो. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनची पुरेशी वाफच होत नाही. डबा हलवला तर खळखळतो, स्टोव्ह मात्र पेटत नाही.

ऑक्सिजनचंही तसंच. ‘मोहिमेसोबत ऑक्सिजन आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. सिलिंडर किती लिटरचा, त्यात दाब किती आणि रेग्युलेटर बसतो का, हे तीन प्रश्न विचारा. चार लिटरचा सिलिंडर 200 बारला भरलेला असेल तर 800 लिटर वायू. मिनिटाला दोन लिटरने 400 मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांहून थोडा जास्त. आमच्या सिलिंडरचा काटा 60 वर होता. 240 लिटर, दोन तास. आणि रेग्युलेटरचे आटे सिलिंडरला जुळतच नव्हते. बेस कॅम्पवर तुमच्यासमोर जोडून, मास्क लावून, वायू येतोय हे दाखवायला सांगा. खऱ्या गाईडला याचा राग येत नाही.

गाईडची संख्या हा आणखी एक हातचलाखीचा प्रकार. ‘तीन जणांमागे एक’ या हिशेबात आचारी आणि मदतनीसही धरलेले असतात. समिटच्या रात्री दहा जणांबरोबर दोनच गाईड असतील, तर पहिला माणूस आजारी पडला की एक गाईड त्याला घेऊन खाली जातो. दुसरा माणूस अडखळला की उरलेल्या आठही जणांना परतावंच लागतं, त्यांची तब्येत ठणठणीत असली तरी. यात गाईडचं काही चुकत नाही. त्याला मुळात एकटं पाडलेलं असतं.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तापमानाचे तीन आकडे असतात. ‘उणे वीसची बॅग’ म्हणून जी देतात, तिचा तो सर्वांत खालचा आकडा असतो: जीव वाचेल, झोप नाही. अशा बॅगेचा आरामाचा आकडा शून्याच्या आसपास निघू शकतो. पहिला, म्हणजे आरामाचा, आकडा तेवढा बघा.

पायथ्याला पोचल्यावर तुम्हाला दुसऱ्याच आयोजकाच्या गटात जोडलं, तर परवान्याची प्रत त्याच क्षणी मागा. त्यावर तुमचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक हवा. विम्याचंही बघा: ‘ट्रेकिंग’ला लागू असलेली पॉलिसी दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे खिळे) वापरून केलेल्या चढाईला, किंवा ठरावीक उंचीच्या वर, लागू होत नाही असं अनेकदा बारीक अक्षरांत असतं. उलट विमा दणदणीत असेल तर वेगळाच धोका. साध्या डोकेदुखीलाही हेलिकॉप्टर बोलावण्याचा आग्रह होतो. नेपाळमध्ये अशा बनावट सुटकांची 2018 मध्ये सरकारी चौकशी झाली आहे. नुसती डोकेदुखी असेल तर तिथेच थांबतात, वाढली तर खाली उतरतात. टाच-अंगठा जुळवून सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर मात्र वाद घालू नका. लगेच खाली न्या, जे वाहन मिळेल त्याने.

परत फिरवलं गेलं तर त्याच दिवशी, कॅम्पवरच लीडरकडून कारण लिहून घ्या: वेळ, उंची, कोणाला काय झालं, ऑक्सिमीटरचा आकडा. प्रत्येक मुक्कामाची उंची फोनच्या जीपीएसवरून टिपा. डबे, सिलिंडरचा काटा, बॅगचं लेबल यांचे फोटो काढा. पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून दावा लावता येतो, पण त्याला मुदत असते. छापील आयटिनरी आणि जीपीएसची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाठवा. ‘अनुभव वाईट होता’ असं पानभर लिहिण्यापेक्षा ‘विश्रांतीचा दिवस छापला, दिला नाही’ ही एक ओळ आयोजकाला खोडून काढणं अवघड जातं.