कुसात्सू: विसण न घालता

तोक्योत येऊन मला सहा वर्षं झाली. यंदा दिवाळीनंतर आई-बाबा पहिल्यांदाच आले. त्यांना फुजी दाखवला, आसाकुसाचं देऊळ दाखवलं, शिबुयाचं ते माणसांनी भरलेलं क्रॉसिंगसुद्धा. बाबा सगळीकडे "छान आहे" म्हणाले. आता बाबांचं "छान आहे" म्हणजे काय, ते आम्हा घरच्यांना माहीत आहे. लग्नातल्या पाणचट मठ्ठ्यालाही ते छानच म्हणतात. त्यांच्या तोंडून "वा" निघाला तो एकदाच, कुसात्सू या गरम झऱ्यांच्या गावात, आणि तोही गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर. आईबाप आलेत आणि एक दिवस हाताशी आहे असं कोणाचं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी बाबांबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात सांडपाण्याच्या प्लँटवर अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, हा शब्द आमच्या घरात मीठ-मसाल्यासारखा वापरला जातो. आणि दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात ते लहानपणापासून डुंबलेत, त्यामुळे "गरम पाण्याचे झरे" एवढ्या भांडवलावर ते हलणार नव्हते. "आपल्याकडे आहेत की," म्हणाले. "त्याच्यासाठी साडेतीन तास कशाला?"

कुसात्सू गुन्मा प्रांतात, डोंगरात, साधारण १२०० मीटरवर आहे. महाबळेश्वरपेक्षा थोडं खाली, पण थंडी मात्र त्याच्या दुप्पट. गावात रेल्वे नाही. बाबा आणि मी तोक्योतल्या निशी-कासाईहून पहाटेच निघालो, शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) ताकासाकीपर्यंत, तिथून आगात्सुमा लाइनची साधी लोकल पकडून नागानोहारा-कुसात्सुगुचीला उतरलो आणि मग पंचवीस मिनिटं बस. उएनोहून थेट एक्स्प्रेस गाडीही आहे, पण ती सकाळी उशिरा सुटते आणि एका दिवसात परतायचं तर अर्धा दिवस गाडीतच जातो. पहाटे उठायची तयारी असेल तर आमचा मार्ग धरा. आणि शनिवार-रविवारी जाऊ नका. आम्ही सोमवारी गेलो, त्याचा जेवणात फटका बसला, पण ते पुढे.

लोकलमधून डावी-उजवीकडे लाल-पिवळी झालेली झाडं आणि खाली नदी. यांबा धरण बांधायचं म्हणून २०१४ मध्ये या लाइनचा एक तुकडा दुसरीकडे हलवला. जुन्या तुकड्यावर जपानमधला सगळ्यांत छोटा रेल्वे बोगदा होता, फक्त ७.२ मीटर लांब. हे मी बाबांना सांगितलं. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचा अभिमान असलेला माणूस. म्हणाले, "याला बोगदा काय म्हणायचं? उंबरठा म्हण."

बसमधून उतरलं की आधी नाकाला कळतं. गंधकाचा वास. बाबा थांबले, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाले, "एचटूएस." गंधकाच्या वायूचं कारखान्यातलं नाव. मग स्वतःच हसले. स्टँडपासून पाच मिनिटं उतारावर गेलं की गावाच्या मधोमध युबाताके. नावाचा अर्थ गरम पाण्याचं शेत. मिनिटाला चारेक हजार लिटर पाणी इथे आपोआप वर येतं, पंप नाही की बोअर नाही. सगळ्या गावाचं मिळून मिनिटाला ३२ हजार लिटरच्या वर. ते सात लांब लाकडी पन्हळांमधून सोडतात. पन्हळांतून वाहताना ते थोडं निवतं आणि तळाशी गंधकाची पिवळट साय धरते. ती खरवडून वाळवून विकतात. टोकाला हिरवट निळ्या पाण्याचा धबधबा आणि चौफेर वाफ. आठवा शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिमुने याच्यासाठी इथलं पाणी पिंपांत भरून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला न्यायचे. ते जिथून उपसायचे ती लाकडी चौकट अजून पाण्यात आहे.

फोटो काढून झाले की बहुतेक लोक इथून मंजू, म्हणजे पुरण भरलेले वाफवलेले गोड बन, खात खात पुढे सरकतात. तुम्हीही सरका, पण समोरच्या नेत्सुनोयु नावाच्या इमारतीत युमोमी बघितल्याशिवाय नाही. किमोनो घातलेल्या बायका हौदाभोवती उभ्या राहून लोकगीत म्हणत लांबलचक फळ्यांनी पाणी घुसळतात. पर्यटकांचा तमाशा म्हणून मी तो टाळणारच होतो. पण त्यामागचं कारण ऐकून बाबांचा चेहरा बदलला. झऱ्याचं पाणी इतकं कढत असतं की त्यात उतरता येत नाही, आणि गार पाणी घातलं तर त्याचे गुण पातळ होतात. म्हणून फळ्यांनी घुसळून निववायचं.

"म्हणजे विसण घालत नाहीत," बाबा म्हणाले.

आमच्याकडे बंबातलं पाणी बादलीत ओतून त्यात विसण घालणं हे बाबांचं काम होतं. मी शाळेत जाईपर्यंत रोज हात घालून बघायचे आणि मगच हाक मारायचे. पाहुण्यांना फळी हातात घेऊन बघता येते. बाबांनी घेतली. जवळजवळ माणसाएवढी लांब फळी. त्यांनी ती हर्णैच्या होडीत वल्हं मारावं तशी मारली. बाईंनी हसून हात धरून शिकवलं: ओढायची नाही, उलटी-पालटी करायची.

आता मुख्य गोष्ट. युबाताकेला लागून शिराहाता-नो-यु नावाचं छोटं सार्वजनिक स्नानघर आहे, फुकट. आत लाकडी हौद, बस्स. तिथे गेलात तर पाय बुडवून बघा आणि माझी आठवण काढा, इतकं कढत. वयस्कर माणसाला पहिल्यांदा तिथे नेऊ नका. त्याऐवजी उतारावरून दहाएक मिनिटं चालत ओताकिनोयु या मोठ्या स्नानघरात जा. तिकीट गाडीभाड्यापुढे काहीच नाही. ओताकिनोयुसाठीच कुसात्सूला जावं असं माझं मत आहे. बाकीचं गाव पाहून झालं नाही तरी चालेल.

दारात बूट लॉकरमध्ये. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. आणि मग तो प्रश्न, ज्याची मी गाडीत बसल्यापासून वाट बघत होतो. बाबांनी पिशवीतून पंचा काढला. घरून, खेडहून, आणला होता.

"हा लावून चालेल ना?"

चालत नाही. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. हातात एक छोटा टॉवेल, तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. बाबा दोन मिनिटं पंचा हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "विहिरीवर पोहायचो तेव्हा काय घालायचो आम्ही?" आणि माझ्या आधी तयार झाले. लाज मला वाटत होती. चाळीस वर्षांचा मी, कपाटाच्या दाराआड.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना मला कुठल्याही ब्रोशरने दिली नव्हती. आत भिंतीला लागून नळ, आणि प्रत्येक नळासमोर एक बुटकं स्टूल आणि एक छोटं टब. आधी बसून अंग घासायचं, साबण पूर्ण धुवायचा आणि मगच हौदात उतरायचं. बाबा त्या स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच पूर्ण घरी आल्यासारखे दिसले. पाटावर बसून आंघोळ. तांब्याच्या जागी टब. "हे लोक शहाणे आहेत," म्हणाले. "शॉवरखाली उभं राहून काय आंघोळ होते?" आणि मग, जणू रोजचंच, "पाठ कर इकडे." नरक चतुर्दशीला उटणं लावताना चोळायचे तशी पाठ चोळली. शेजारचे आजोबा आमच्याकडे बघून मान हलवत होते. मी नळ बघत होतो.

ओताकिनोयुचं खास म्हणजे आवासे-यु. लाकडी, अंधाऱ्या, वाफेने भरलेल्या जागेत पायऱ्या-पायऱ्यांनी हौद आहेत आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं. साधारण ३८ अंशांपासून ४६ पर्यंत. कोमटातून सुरुवात करायची आणि जमेल तसं पुढे सरकायचं. पहिल्या हौदात बाबा "कोमट आहे" म्हणाले. दुसऱ्यात गप्प. तिसऱ्यात गळ्यापर्यंत बसले, डोळे मिटले, आणि तेव्हा तो "वा" आला. पाणी अंगाला जरा झोंबतं, डोळ्यात गेलं तर चांगलंच. जिभेवर घेतलं तर आंबट. मी सांगायच्या आधीच बाबांनी चव घेऊन बघितली होती. "दोन असेल," म्हणाले. पीएच. बाहेर लावलेल्या पाटीवर दोनच्या आसपासचाच आकडा होता. त्यानंतर दिवसभर त्यांची मान ताठ.

४६ च्या हौदात मी चाळीस सेकंद टिकलो. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून मी ४२ च्या पुढे जाऊ देणार नव्हतो. मी पाठ फिरवली आणि ते ४४ मध्ये. इथे पूर्वी तीन मिनिटांचा नियम असायचा, सगळ्यांनी मिळून उतरायचं आणि मिनिटं मोजायची, हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. त्यांनी मनात एकशे ऐंशी मोजले म्हणे. बाहेर आले तेव्हा उकडलेल्या खेकड्यासारखे लाल. बाकावर बसवून पाणी पाजलं, दहा मिनिटं मीच घाबरलेलो. हे करू नका. बीपी, हृदय काही असेल तर डॉक्टरांना विचारून जा, आणि आपल्या माणसाकडे पाठ फिरवू नका.

वरच्या मजल्यावर तातामीची, म्हणजे गवती चटयांची, खोली आहे, तिथे लोक आडवे पडतात. आम्हीही पडलो. बाबा घोरले.

जेवणाचं सांगतो. सोमवारी बाबा मासे खात नाहीत, आणि जपानात सोबाच्या (नूडल्सच्या) रश्श्यातसुद्धा मासा असतो. युबाताकेजवळच्या एका हॉटेलात आम्ही नाव लिहून पाऊण तास थंडीत उभे राहिलो, नंबर आला तेव्हा कळलं की माइताके अळंबीचा तेम्पुरा, म्हणजे भजी, संपला. तो एकच पदार्थ आम्हाला चालणारा होता. हे दारावर लिहायला काय जात होतं? शेवटी आईने दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी एका बाकावर बसून खाल्ली. साइनोकावाराकडे जाणाऱ्या गल्लीत दुकानदार गरमागरम मंजू हातात ठेवतात, वर चहा. आत गोड घेवड्याचं पुरण. बाबांनी तीन दुकानांतून तीन खाल्ले आणि चौथ्याकडून संकोचाने पाकीट विकत घेतलं. तेच त्या फुकटच्या मंजूचं गणित आहे, पण चांगलं आहे.

गल्लीच्या टोकाला साइनोकावारा बाग. दगडांतून गरम ओढे वाहतात. एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरांचा पुतळाही इथेच. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, त्यांनी या पाण्याची कीर्ती बाहेर नेली. मोठं उघड्यावरचं स्नानघर आहे, सुंदर आहे म्हणतात, पण आम्ही गेलो नाही. एका दिवसात दोन आंघोळी पुरे.

त्याऐवजी बाबांनी जे बघायचा हट्ट धरला ते कुठल्याही मराठी ब्लॉगवर सापडणार नाही. गावाचं सगळं पाणी शेवटी युकावा नदीत जातं. ते इतकं आम्ल की नदीत मासा टिकत नव्हता, शेताला पाणी चालत नव्हतं, पुलांचं लोखंड आणि काँक्रीटही खायचं. म्हणून १९६४ पासून नदीत चुनखडीची पूड कालवलेलं पाणी सोडतात. दिवसरात्र, वर्षाचे सगळे दिवस. त्याचं केंद्र गावातच आहे. पाइपातून दुधासारखं पांढरं पाणी नदीत पडत होतं. खाली शिनाकी धरणात त्याचा गाळ बसतो. बाबा कठड्याला टेकून अर्धा तास उभे. "आम्हीपण चुनाच टाकायचो," म्हणाले. "फक्त आमचा लाइटबिलाच्या वेळी बंद पडायचा." युबाताकेवर त्यांनी चार फोटो काढले असतील. इथे एकवीस.

परतीची बस अंधार पडताना. युबाताकेच्या कडेला फुकट पाय शेकायची जागा आहे, तिथे शेवटची वीस मिनिटं घालवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा आणि एक जपानी जोडपं शेजारी शेजारी. ओताकिनोयुहून वर येताना चढ आहे, बाबांचे गुडघे दुखायला लागले होते, ते इथे शांत झाले. कायमचे नाही, दुसऱ्या दिवशी परत दुखले. इथलं पाणी प्रेमरोग सोडून सगळं बरं करतं अशी इथली म्हण आहे. तेवढ्यावर विश्वास ठेवून औषधं घरी विसरू नका.

शेवटी एक गोष्ट, जी मला आधी कोणी सांगितली नाही. चांदी घालून पाण्यात उतरू नका. रात्री ट्रेनमध्ये बाबांनी हात बघितला तर बोटातली चांदीची अंगठी कोळशासारखी काळी. लग्नातली. घरी आल्या आल्या आईच्या लक्षात आलं. "हे काय करून आणलंत?" बाबा तिला गंधक, चांदी आणि पीएच समजावून सांगायला लागले. ती अर्ध्यातच उठली आणि चिंच भिजत घालायला गेली.