साडेनऊ हजारांचा रूट कॅनॉल कोर्स: दाढ उघडता आली, पण टेबलावरची

बीडीएसच्या चार वर्षांत मी रूट कॅनॉल केलं ते फक्त पुढच्या दातांचं. आमच्याकडे फायनल इयरचा कोटाच तेवढा. एक मूळ, एक कॅनॉल (मुळातली बारीक नळी), तोही बहुतेक सरळ. दाढा पीजींकडे, म्हणजे एमडीएस करणाऱ्यांकडे जातात आणि आपण मागे उभं राहून सक्शन धरायचं. इंटर्नशिपमध्ये संध्याकाळी एका क्लिनिकमध्ये जायला लागले, तर तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मोलर करतेस ना?" (म्हणजे दाढेचं रूट कॅनॉल.) मी हो आणि नाहीच्या मधलं काहीतरी पुटपुटले आणि त्याच रात्री पुण्यातल्या एका दोन दिवसांच्या हँड्स-ऑन कोर्सचे पैसे भरले. साडेनऊ हजार. कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

खरा कोर्स पैसे भरल्यापासूनच सुरू होतो, कारण दात आपणच न्यायचे असतात. मेसेज आला: चार काढलेले दात, मुळं शाबूत, त्यात किमान दोन वरच्या पहिल्या दाढा. हे वाचायला सोपं आहे. लोक दाढ काढायला येतात तेव्हा तिचा वरचा भाग किडून गेलेला असतो, नाहीतर काढताना मूळ तुटतं. ओरल सर्जरी विभागातल्या शिपाईमामांकडे आठवडाभर आधी बाटली देऊन ठेवली होती. त्यांनी प्रामाणिकपणे अकरा दात जमवले, त्यातले कामाचे तीन. चौथा दात रूममेटने उसना दिला, तोही "परत दे" म्हणून! मग ते हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक द्रावणात) ठेवा, खरवडून साफ करा, मुळांच्या टोकांना मेण लावा आणि काडेपेटीत प्लास्टर ओतून त्यात बसवा. हे सगळं हॉस्टेलच्या बेसिनवर. बेसिन तुंबलं, तो विषय वेगळा.

माझ्या दोन्ही दाढा पायोरियाने हलून निघालेल्या, म्हणजे वयस्कर माणसांच्या. वरून दिसायला सुंदर, एक कीड नाही. मी खूश होते. या खुशीची किंमत पहिल्या दिवशी दुपारी कळली.

सकाळचे अडीच तास स्लाइड्स. ते सगळं पुस्तकात आहे, त्यावर वेळ घालवत नाही. जेवणानंतर टेबलावर बसवलं. आम्ही बावीस जण, शिकवणारे तिघं, आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे काढायचं मशीन एक आणि मायक्रोस्कोपही एकच. मी एअरोटर, म्हणजे दातांचं ड्रिल चालू केलं आणि दाढेत शिरले. पुस्तकात लिहिलेलं असतं की पल्प चेंबरचं (दाताच्या आतल्या नसेच्या पोकळीचं) छत फुटलं की बर, म्हणजे ड्रिलचं टोक, आत पडल्यासारखा वाटतो. मी त्या 'पडण्या'ची वाट बघत खोल जात राहिले. पडेचना. तेवढ्यात मागून एका सरांनी माझा पाय पेडलवरून काढायला लावला. एक्स-रे स्क्रीनवर आणला आणि म्हणाले, "आजोबांची दाढ आहे ही. छत आणि तळ एकमेकांना टेकायला आलेत. इथे काय पडणार? आणखी थोडं गेली असतीस तर थेट मुळांच्या मधे निघाली असतीस." वय वाढतं तसं आतून डेंटिन (इनॅमलखालचा दाताचा कठीण थर) साचत जातं, हे मी परीक्षेत दोनदा लिहिलंय. त्या दाढेत ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं ते माझ्या शेजारीच बसले. आधी बर एक्स-रेशी ताडून मार्करने खूण करायला लावली, त्याच्या पुढे जायचं नाही. मग पाणी मारून, वाळवून रंग बघायला सांगितलं. तळ गडद करडा आणि भिंती फिकट. जिथे दोन रंग भेटतात तिथेच कॅनॉलची तोंडं. डीजी-16 एक्सप्लोरर (कॅनॉलचं तोंड शोधायची टोकदार सळई) त्या रेषेवरून फिरवत नेला आणि एका जागी तो अडकला. ओढला तर सुटेना. मग दहा नंबरची जांभळी फाइल (कॅनॉल साफ करायची सुईसारखी कानस), टोकाला किंचित वाकवून. मी ती ढकलत होते. सर म्हणाले, "घड्याळाला चावी देतात तशी. थोडी इकडे, थोडी तिकडे. जोर नको." फाइल आपणहून खाली सरकली. बोटांना ते कळलं आणि मी मूर्खासारखी हसले. फीतले सहा हजार तिथेच फिटले म्हणते मी.

दुसरा दिवस मात्र रोटरीचा, म्हणजे मशीनने फिरणाऱ्या फाइलींचा, आणि त्यातला अर्धा वेळ मशीन विकण्यात गेला. डेमो, डिस्काउंट, "आजच बुक केलं तर". आरव्हीजीच्या रांगेत माझी तब्बल पन्नास मिनिटं गेली. शेजारच्या मुलाची रोटरी फाइल कॅनॉलमध्ये तुटली. कसलीही सूचना न देता, टक्. ती बाहेर कशी काढायची यावर त्या दिवशी कोणाकडेच वेळ नव्हता. शिकण्यासारखं ते होतं खरं तर. जेवण उत्तम होतं, टोमॅटोचं सार दोनदा घेतलं.

मोठी तक्रार वेगळीच. दोन्ही दिवस दात टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर सरळ. वरची दाढ तोंडात आरशात बघून करावी लागते, गाल ओढत, जीभ सांभाळत. फँटम हेडवर (सरावासाठीच्या डमी डोक्यावर) बसवून द्या म्हटलं तर "पुढच्या लेव्हलच्या कोर्समध्ये". त्याची फी दुप्पट.

तीन आठवड्यांनी क्लिनिकमध्ये एक 26, म्हणजे वरची डावी पहिली दाढ आली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. रंग दिसला, तीन कॅनॉल मिळाले. चौथा, एमबी-टू (गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनॉल), वीस मिनिटं शोधला. आरशावर वाफ, पेशंटचा जबडा दुखायला लागला. शेवटी मॅडमनी माझ्या हातून हँडपीस घेतला.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: एका शिकवणाऱ्यामागे किती जण, आणि फँटम हेड आहे का. एक दात तरी तरुण माणसाचा न्या, तुलनेला. आणि कोणाकडे वरची पहिली दाढ जास्तीची असेल तर सांगा, रूममेटची परत करायची राहिली आहे.