जुन्या गाडीचा रंग आणि गंज: पेंट रिमूव्हर, ग्राइंडर, ब्लास्टिंग की अ‍ॅसिड?

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी जीप उघडायला घेतली की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, ‘सगळी बॉडी ब्लास्ट करून आणा.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. रंग काढणं आणि गंज काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पेंट रिमूव्हर रंग उचलतं, गंज जागच्या जागी राहतो. अ‍ॅसिड गंज खातं, रंगाला फारसं काही करत नाही. ग्राइंडर दोन्ही काढतो आणि सोबत थोडा पत्राही नेतो. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा झोत मारणं, दोन्ही साफ करतं, पण चुकीच्या हातात पातळ पत्र्याचा फुगा करून ठेवतं. त्यामुळे निवड अख्ख्या गाडीसाठी एकदाच करू नये, भागाभागाने करावी. आणि करताना ‘किती लवकर निघेल’ याआधी ‘काम झाल्यावर मागे काय उरेल’ हे विचारावं: उष्णता, वाळू, अ‍ॅसिड, पाणी की मीठ. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत नवा रंग दोन वर्षांत फुगतो तो बहुतेक वेळा या उरलेल्या गोष्टींमुळे.

सुरुवात करण्याआधी

पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक साइड सिल (दरवाजांखालचा पोकळ पट्टा), चाकांच्या कमानी आणि दरवाजांच्या खालच्या कडांवरून फिरवा. पकड ढिली लागली तिथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) जाड आहे. त्याच जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा आत गेला तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा आहे, त्याचा रंग काढण्यावर पैसे घालवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं हे गृहीत धरूनच काम करा. भारतात शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भागांची) मर्यादा घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू झाली, तीही २०१७ मध्ये. गाडीच्या जुन्या रंगाबद्दल ती काहीच हमी देत नाही. कोरडं घासायचं असेल तर धुळीचा पी-१०० मास्क हवा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

छप्पर, बॉनेट, डिकी, दरवाजे

हे सपाट, मोठे आणि साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचे पत्रे. इथे खरी स्पर्धा रिमूव्हर आणि डिस्क यांच्यात आहे.

गाडी पाच-सहा वेळा रंगवलेली असेल, जशा जुन्या टॅक्सी असतात, तर रिमूव्हर सरस. पत्र्याला उष्णता लागत नाही, धातू झिजत नाही, खालचे जुने ठोके आणि लांबीचे ठिगळ स्पष्ट दिसतात. पद्धत अशी: आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर आडवा-उभा ओरखडा. रिमूव्हर ब्रशने एकाच दिशेने जाड थापा, पुन्हा पुन्हा फिरवू नका, कारण वर येणारी साय मोडली की द्रावक उडून जातो. लगेच प्लास्टिकचा कागद पसरून झाका. १५ ते ३० मिनिटांत रंग सुरकुततो, मग कोपरे गोल केलेल्या पत्तीने ओढून घ्या. बाजारातल्या जलद रिमूव्हरमध्ये बहुधा डायक्लोरोमिथेन असतं आणि ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हातल्या बॉनेटवर लावलं तर काम करण्याआधीच ते हवेत जातं, म्हणून सावली आणि सकाळची वेळ धरा. पद्मिनीएवढ्या गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला, थर जास्त असतील तर, ८ ते १० लिटर धरून चला.

त्याचा धोका मात्र हलक्यात घेऊ नका. डायक्लोरोमिथेनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीत पाय ठेवायच्या जागेत आणि गॅरेजच्या पिटमध्ये साचते. शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. साधे नायट्राइल हातमोजे काही मिनिटांत झिरपतात आणि नेहमीच्या कार्बन काडतुसाच्या मास्कवर या वायूसाठी विसंबता येत नाही. अमेरिकेत ग्राहकांना हे रिमूव्हर विकायला २०१९ पासून बंदी आहे. वापरायचंच तर पूर्ण मोकळ्या जागेत, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये अजिबात नाही. बेंझिल अल्कोहोलवर चालणारं रिमूव्हर मिळालं तर तासन्‌तास लागतात, तरी तेच घ्यावं. खरवडलेला चिखल पत्र्याच्या डब्यात भरून ठेवा. मुंबईची पावसाळी गटारं प्रक्रियेविना खाडीत आणि समुद्रात जातात.

रिमूव्हरची दुसरी अडचण सांध्यांची. दरवाजाच्या दुमडलेल्या कडेत, छपराच्या पन्हळीत ते शिरलं की बाहेर निघत नाही आणि सहा महिन्यांनी तिथूनच नवा रंग उचलला जातो. प्रत्येक सांध्यापासून बोटभर अंतर सोडून टेप लावा आणि ती पट्टी हाताने घासा.

कारखान्याचा एकच रंग शिल्लक असेल तर रिमूव्हरचा खटाटोप नको. डीए सँडरवर (पॉलिश पेपर गोल आणि डोलत फिरवणारं यंत्र) ८० नंबर, मग १५०, एवढं पुरतं. रंग जाड पण टणक असेल तर ग्राइंडरवर जाळीदार स्ट्रिप डिस्क लावा. इथे वेगाकडे लक्ष द्या. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० फेऱ्यांनी फिरतो, आणि त्या वेगाने एकाच जागी दाबून धरलं की पत्रा तापून ताणला जातो. नंतर तो अंगठ्याने दाबला की ‘टक’ करून आत-बाहेर होतो आणि पत्रेवाल्याला तो पुन्हा आवळून घ्यावा लागतो. वेग कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर घ्या, ३ ते ४ हजारांवर ठेवा, हात सतत हलता ठेवा, मधेच तळवा लावून बघा. फ्लॅप डिस्क सपाट पत्र्यावर लावूच नका, ती रंगापेक्षा लोखंड जास्त खाते. पिळाच्या तारांचा वायर ब्रश गंज काढल्याचा भास देतो. प्रत्यक्षात खड्ड्यांतला गंज घासून चकचकीत काळा करतो आणि तो प्रायमरखाली पुन्हा जागा होतो.

ब्लोलॅम्पने रंग जाळण्याची जुनी सवय अनेक गॅरेजांत आजही आहे. ती सोडून द्या. पत्रा वेडावाकडा होतोच, शिवाय शिशाचा धूर थेट काम करणाऱ्याच्या छातीत जातो. काही जुन्या गाड्यांत सांधे शिशाच्या डाखाने भरलेले असतात. तो डाख १८० अंशांच्या पुढे मऊ पडून ओघळतो.

तळ, चाकांच्या कमानी, इंजिनाची खोली, जीपची चासी

इथे ब्लास्टिंगला पर्याय नाही. वेल्डच्या कडा, कंगोरे, खड्डे पडलेला गंज, डिस्क पोहोचत नाही अशा बेचक्या. कणांचा झोत सगळीकडे जातो आणि प्रायमरला धरायला खरखरीत पृष्ठभाग देतो. प्रश्न फक्त कोणाकडून आणि कशाने हा.

वागळे इस्टेट, रबाळे, तळोजा अशा औद्योगिक पट्ट्यांत ब्लास्टिंग करणाऱ्यांचा रोजचा धंदा गर्डर, टाक्या आणि पाइपांचा असतो. त्यांचं यंत्र ७ बार दाबावर, कॉपर स्लॅग किंवा स्टील ग्रिटने चालतं. जीपच्या चासीला ते चालेल. तोच झोत पद्मिनीच्या छपरावर पडला तर छप्पर गेलं. लोक याचं कारण उष्णता समजतात, पण मुख्य कारण आघात आहे: प्रत्येक कण पत्र्याची वरची बाजू किंचित ठोकून पसरवतो, खालची बाजू तेवढीच राहते, आणि पत्रा झोत येतो त्या बाजूला फुगतो. म्हणून काम देताना लेखी ठरवून घ्या: ८० मेशचा गार्नेट (एका टणक खनिजाचे बारीक कण), २ ते ३ बार दाब, झोत ३० ते ४५ अंशांनी तिरपा, नोझल एका जागी थांबवायचं नाही. छप्पर, बॉनेट आणि दरवाजांची बाहेरची बाजू ‘करायची नाही’ असं पत्र्यावरच खडूने लिहा. दरवाजांच्या आतल्या चौकटी आणि कडा करून घ्यायला हरकत नाही.

नदीची किंवा खाडीची वाळू वापरणाऱ्याकडे गाडी देऊ नका. तिच्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो. कायद्याने तो नोंद करणं बंधनकारक असलेला आजार आहे, आणि बरा होत नाही. खाडीच्या वाळूत मीठ असतं ते वेगळंच.

घरी छोटं ब्लास्टिंग पॉट घेऊन करू म्हणाल तर हवेचं गणित आधी मांडा. ३ मिलिमीटरच्या नोझलला ७ बारवर साधारण २० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, नोझल झिजलं की आणखी. २ एचपीचा नेहमीचा कॉम्प्रेसर ७-८ सीएफएम देतो. म्हणजे थोडा वेळ काम, मग टाकी भरायची वाट. शिवाय सतत चालल्यावर हवा तापते, पाणी धरते, गार्नेटचे गोळे होतात आणि नोझल तुंबतं. ब्रॅकेटसाठी ठीक, तळासाठी नाही.

ब्लास्टिंग ठिसूळ गोष्टी काढतं, मऊ गोष्टींवरून कण उसळून परत येतात. तळाला मारलेलं डांबरी अंडरकोटिंग आधी हीट गन आणि पत्तीने काढून, रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनने पुसून मगच गाडी पाठवा. नाहीतर शेडवाला तासांचे पैसे लावेल आणि कोटिंग तिथेच राहील. काचा, क्रोम, रबर, वायरिंग सगळं उतरवा. झाकलेली काचसुद्धा धुरकट होते. गाडी परत आली की सिल आणि बॉक्स सेक्शनमधली वाळू हवा मारून आणि व्हॅक्यूमने काढा, बॉडी शक्य तेवढी तिरपी करून पुन्हा काढा. राहिलेली वाळू नेमकी शेवटचा रंग मारताना खाली पडते.

सोडा ब्लास्टिंग, म्हणजे खाण्याच्या सोड्याचा झोत, पत्र्याला सांभाळतं, पण गंज काढत नाही, आणि नीट न धुतलेला सोडा प्रायमर सोडवतो. लेझरने सुंदर काम होतं. मात्र पल्स लेझर मोठ्या गाडीसाठी संथ आहे आणि एक-दोन किलोवॉटचा अखंड लेझर पातळ पत्रा तापवतो. दुर्मीळ बॅज, चासी नंबरची पट्टी यांच्या आसपास मात्र तो विचारात घ्यावा.

मिठाची खूण

वरळी-दादरच्या किनाऱ्याजवळ वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी ब्लास्ट केल्यावर राखाडी, स्वच्छ दिसते आणि दुसऱ्या सकाळी खड्ड्याखड्ड्यांत काळे ठिपके उमटतात. हे खड्ड्याच्या तळाशी अडकलेलं क्लोराइड. त्यावर प्रायमर मारला तर फोड ठरलेले. उपाय: प्रेशर वॉशरने महापालिकेच्या नळाच्या पाण्याने धुवा (बोअरचं किंवा टँकरचं पाणी नको, त्यात स्वतःचेच क्षार असतात), हवा मारून लगेच सुकवा, आणि तेवढ्या जागा हलक्या हाताने पुन्हा ब्लास्ट करा. ठिपके परत आले तर पुन्हा तेच.

सुटे भाग

बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल, नट-बोल्ट यांना ब्लास्टिंगपेक्षा भिजवणं स्वस्त आणि नेमकं. लिंबूसत्व लिटरला ५० ग्रॅम, आधी तेल-ग्रीस काढून, १२ ते २४ तास. मग ब्रश, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्लता मारणं, ताबडतोब सुकवणं. अर्ध्या बाटलीत होणारं काम म्हणून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणू नका. त्याची वाफ शेजारी ठेवलेली हत्यारं आणि अख्खी उघडी बॉडी गंजवते, आणि मागे पुन्हा क्लोराइडच उरतं.

मोठ्या, पण बुडवता येणाऱ्या भागांना इलेक्ट्रोलिसिस उत्तम: दहा लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला साधी लोखंडी पट्टी. स्टेनलेसची पट्टी लावू नका, पाण्यात विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून जागा उघडी हवी. स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट अ‍ॅसिडमध्येही नकोत आणि यातही नकोत. हायड्रोजनने ते ठिसूळ होऊन ताणाखाली तुटतात. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव वस्तू, म्हणजे कार्ब्युरेटर, दरवाजाची हँडल, यांना दोन्हींपासून लांब ठेवा.

फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट रिमूव्हर उघड्या पत्र्यावर हाताने लावता येतं, पण ते ओलं असतानाच धुवायला हवं. सुकलं असेल तर पुन्हा तेच लावून ओलं करा आणि मग धुवा. त्याच्या सुकलेल्या पांढऱ्या थरावर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. आणि सांध्यांत, सिलच्या पोकळीत कोणतंही अ‍ॅसिड सोडू नका. तिथला गंज पूर्ण निघत नाही हे मान्य करा, रंगकाम संपल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) भरा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

प्रायमरची वेळ

रंगकामाचा मान्य नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी आणि पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू सुमारे २७ अंश येतो, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक दिवस आपण नियमाच्या बाहेरच असतो. जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ४५ टक्क्यांना तो १७ च्या आसपास असतो. ब्लास्टिंग डिसेंबर ते मार्चमध्ये बसवा, सकाळी अकरानंतर, आणि त्याच दिवशी दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन पूर्ण हात पडतील अशा शेडमध्येच. ब्लास्टिंग एकीकडे, प्रायमर दुसरीकडे आणि मधे टेम्पोचा प्रवास, ही रचना टाळा. ब्लास्ट केलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवू नका, घामातही मीठच असतं. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण नंतरच्या टू-के (हार्डनर मिसळायच्या, दोन घटकांच्या) रंगाचा थिनर त्याला उचलून सुरकुत्या पाडतो. लांबी भरायची ती इपॉक्सीच्या वर.

मग काय निवडायचं

गाडी चालती आहे, पत्रा बरा आहे, फक्त रंग सुटतोय: बाहेरून डीए किंवा रिमूव्हर, एका वेळी एकच भाग, संध्याकाळच्या आत त्यावर इपॉक्सी. असं करत गेलात तर गाडी रस्त्यावरून महिनोन्‌महिने उतरवावी लागत नाही.

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर पूर्ण उघडली आहे: आधी बाहेरचे पत्रे रिमूव्हरने साफ, मग तळ, कमानी, इंजिनाची खोली गार्नेटने. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून सिल आणि जॅकच्या जागा ब्लास्टिंगनंतर पुन्हा ठोकून तपासा. जुन्या थरांनी धरून ठेवलेली भोकं तेव्हाच उघडी पडतात, आणि वेल्डिंगचा खरा अंदाज त्यानंतरच मागावा.

जीप: बॉडी उतरवून चासी थेट ब्लास्टिंगला, थोडा जास्त दाब चालेल. बॉनेट आणि विंडशील्डची चौकट मात्र घरी ठेवा.

पावसाळ्यात हात शिवशिवत असतील तर बॉडी झाकलेली राहू द्या आणि लिंबूसत्वाच्या बादलीत बिजागऱ्या टाका.