16 महिने, 4 कुंड्या आणि मामाचा प्रश्न

गच्चीवरचे माझे गुलाब पहिल्यांदा पाहिल्यावर मामाने ना रंगाबद्दल विचारलं, ना वासाबद्दल. खाली वाकून, खोडाजवळची माती बोटाने बाजूला करत त्याने विचारलं, “खुंट कुठला?” निफाडकडे त्याची द्राक्षबाग आहे. खुंट म्हणजे खालचं मुळांचं झाड, ज्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर, बसवून कलम करतात. मी लेबल दाखवलं. त्यावर जात होती, पिवळ्या फुलाचा फोटो होता आणि ‘बारमाही, काटक, कुंडीसाठी उत्तम’ एवढं लिहिलेलं होतं. खुंटाचा पत्ता नव्हता. “मग अर्धंच झाड विकत घेतलंस की,” म्हणाला.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता 16 महिन्यांनी लिहायला बसलेय तर वाटतं, सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी जागा. नाशिक, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत ऊन, मग पाण्याच्या टाकीची सावली. मुघलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं, हे इथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. सांगणाऱ्याच्या घरी गुलाब असतोच असं नाही. मी मागच्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरात चार रोपं आणली: बाजारातून 60 रुपयांचा लाल बटण गुलाब, एक आइसबर्ग, एक फेअरी आणि रस्त्याकडेच्या नर्सरीतून 220 रुपयांचं ते लेबलवालं पिवळं मिनिएचर.

हे ‘काटक’ प्रकरणही नीट समजून घेतलेलं बरं. अमेरिकेत नॉक आउट गुलाबाचं एवढं नाव झालं, तो विल्यम रॅडलर यांनी विस्कॉन्सिनमध्ये तयार केला आणि 2000 साली बाजारात आला. तिथे काटक म्हणजे बर्फात तगणारा आणि काळ्या ठिपक्यांना दाद न देणारा. आपल्याकडे बर्फाचा प्रश्नच नाही. इथे काटकपणाची परीक्षा एप्रिल-मेमध्ये तापलेल्या स्लॅबवर होते आणि दुसरा पेपर जुलैमध्ये, जेव्हा पंधरा-पंधरा दिवस पान कोरडं होत नाही. परदेशी वर्णन वाचून झाड निवडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पहिला हिवाळा लाडाचा गेला. थंडीत आइसबर्गच्या पांढऱ्या कळ्यांवर गुलाबी झाक येते, ती पाहून मला वाटलं दुकानदाराने भलतंच झाड दिलं. तसं नव्हतं, तो त्याचा स्वभावच आहे. जर्मनीच्या कोर्डेस यांचा हा 1958 चा गुलाब. त्याचं जर्मन नाव ‘श्नेविट्शेन’, म्हणजे हिमगौरी. काटे अगदी कमी, वास मंद. 12 इंची कुंडीत तो अडीच फुटांवर थांबला. जमिनीत याहून बराच वाढतो.

मग मार्चमध्ये फुलकिडे आले. पाकळ्यांच्या कडा तपकिरी, कळी अर्धवट उघडून तशीच. फिक्या रंगाच्या फुलांवर यांचा जास्त डोळा. आइसबर्गची अवस्था बघवेना, लाल बटण मात्र बरंच सुटलं. निळे चिकट सापळे लावले, खराब कळ्या खुडून पिशवीत बांधून फेकल्या. कमी झाले, गेले नाहीत. फुलकिडे पूर्ण जातात असं कुणी सांगितलं तर त्याची गच्ची एकदा बघून यावी.

एप्रिलमधली चूक माझी. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पावडरीसारखी बुरशी, दिसली. भुरी म्हटलं की द्राक्षवाल्यांच्या घरात गंधक असतंच, मामाकडून पाण्यात मिसळायची पावडर आणली. पाच दिवसांपूर्वी मी निंबोळी तेल फवारलं होतं, हे त्याला सांगितलं नाही. वर फवारणी केली सकाळी अकराला. तिसऱ्या दिवशी फेअरीची कोवळी पानं कडेने भाजल्यासारखी करपली. तेल आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं आणि पारा पस्तिशीकडे जात असेल तर गंधकाला हात लावू नये. मामा फोनवर एवढंच म्हणाला, “विचारायला पैसे पडतात का गं?”

मे महिन्यात खरा शत्रू कोण ते कळलं: लाल कोळी. बटण गुलाबाची पानं आधी बारीक टिपके पडून फिकी झाली, मग खालून जाळी. औषध न मारता रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारत राहिले, दहा दिवस. कोरड्या हवेत ही कीड फोफावते, त्यामुळे पाणी हाच उपाय आणि तो फुकटचा. झाड निम्मं उघडं पडलं, पण जूनच्या पहिल्या सरींबरोबर खालपासून फुटलं.

उन्हाळ्यात झाडापेक्षा कुंडी महत्त्वाची, हेही तेव्हाच उमगलं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत दुपारी हात घातला तर माती चटका देते. मी कुंड्यांना गोणपाट गुंडाळलं, खाली विटा दिल्या आणि लहान कुंड्या मोठ्या रिकाम्या कुंड्यांत बसवल्या. माती आमच्याकडची काळी असेल तर ती कुंडीत भरू नका. ओली असताना चिखल, वाळली की भेगा. मी पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट साधारण 2:1:1 घेतलं, प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड. पंधरा दिवसांनी एकदा 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम. मामाने बागेतलं 0:52:34 हे खतही दिलं होतं, ते कळ्या धरताना दोनदा वापरलं. फरक पडला की नाही, प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी सोडून क्षार धुऊन काढायचे. याचा फरक मात्र नक्की पडला.

पावसाळ्याने चौघांची पारख केली. आइसबर्गवर काळे ठिपके आले आणि ऑगस्टअखेर तो जवळजवळ निष्पर्ण झाला. 1983 साली जागतिक गुलाब महासंघाने गौरवलेलं झाड, आमच्या श्रावणात खराट्यासारखं उभं होतं. फेअरीने पाच-सहा पानं गाळली असतील, बस. 1932 चा हा इंग्लिश पॉलिअँथा, म्हणजे झुबक्यांनी फुलणाऱ्या छोट्या गुलाबांपैकी, बोराएवढ्या गुलाबी फुलांचे झुबकेच्या झुबके. वास जवळपास नाही, बारीक काटे ओरबाडतात आणि कडक उन्हात फुलं पांढरट पडतात. पण झाड उभ्यापेक्षा आडवं वाढतं, त्यामुळे कठड्यावरून खाली झुकतं ते फार देखणं दिसतं. सलग फुलण्यात याचा हात कुणी धरला नाही. बटण गुलाब मधल्यामध्ये राहिला: ठिपके आले, पानं गेली, पुन्हा आली, मध्ये फुलंही चालूच. या छोट्या गुलाबांच्या वंशात बारमाही फुलणारा चिनी गुलाब आहे. त्यांचा एक पूर्वज, रूलेटी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडकीतल्या कुंडीतच सापडला होता. तेव्हा कुंडीची सवय पिढीजात.

दसऱ्यानंतर द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती, तेव्हाच मीही कात्री घेतली. आइसबर्ग एक तृतीयांश, बटण निम्मं, फेअरी नुसती कडेकडेने. रोगट पानं एकूण एक वेचली. बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी आइसबर्गला तेवीस फुलं होती. पावसाळ्यातला सगळा राग तिथे गेला.

आणि पिवळं मिनिएचर? ते सप्टेंबरात एकाएकी उंच व्हायला लागलं. फिक्या हिरव्या, लवचिक, तीन फुटी फांद्या. मी शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवल्या. फूल एकही नाही. मामा दिवाळीला आला, पुन्हा वाकला, पुन्हा माती सारली. सगळी फूट डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आली होती. वरचं मिनिएचर वाळून काडी झालं होतं आणि मी इतके दिवस खुंटाला खत घालत होते. एका देठावर सात पानं दिसली की ती रानफूट, म्हणजे खुंटाची फूट, समजा असं सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फांदी गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढंच बघायचं, आणि खालची असेल तर न कापता मुळाशी धरून ओढून काढायची. बटण गुलाबाला ही भीतीच नाही, तो काडीपासून आपल्याच मुळांवर वाढलेला.

मामाने मला बोलणी दिली नाहीत, उलट त्याचे डोळे चमकले. पूर्वी थॉमसन जातीच्या द्राक्षाचे वेल त्यांच्याकडे आपल्याच मुळांवर असायचे. दुष्काळ आणि खारट पाणी आल्यावर डॉगरीज खुंट आला, हे त्याने मला पन्नास वेळा ऐकवलंय. “उपटू नको,” म्हणाला. “जवळजवळ वर्षभर तुझ्या गच्चीवर टिकलाय. याच्याइतका काटक तुला कुठं मिळणार?”

आजचा हिशेब विचाराल तर: पुन्हा घ्यायचा झाला तर पहिला फेअरी, त्याच दिवशी दोन बटण. आइसबर्ग ज्याला पावसाळ्यात ओकंबोकं झाड बघवतं त्यानेच घ्यावा. पाच तासांपेक्षा कमी ऊन असेल तर यातलं एकही नको, पैसे मनीप्लँटवर घाला. आणि रोप घेताना गाठ मातीच्या वर दिसतेय का ते पाहा. दुकानदार वैतागला तरी चालेल.

फेब्रुवारीत मामाने त्या खुंटावर टीच्या आकाराचा काप घेऊन आइसबर्गचा डोळा भरला. गेल्या रविवारी पट्टी सोडली. डोळा हिरवा आहे.