मोकळ्या जागेत किती घरं बसतील: एफएसआयने मोजायचं की घनतेने?

पुण्यातल्या एखाद्या प्रभागाच्या डीपीवर (शहराच्या विकास आराखड्यावर) हरकत-सूचना द्यायची असेल किंवा प्लॅनिंगच्या कोर्सला असला प्रोजेक्ट गळ्यात पडला असेल, तर इथल्या रिकाम्या जमिनीवर अजून किती घरं होतील हा आकडा काढावाच लागतो. पद्धती मुख्य दोन. माझं मत आधीच सांगतो, एकच प्लॉट असेल तर एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), अख्खा प्रभाग असेल तर घनता (हेक्टरी किती माणसं किंवा घरं).

एफएसआयचं गणित सोपं दिसतं म्हणून सगळे तिकडे पळतात. 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, बेसिक एफएसआय 1.1, वर जिने-बाल्कन्या वगैरेसाठी 60 टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे जादा एफएसआय. म्हणजे निव्वळ एक हेक्टर प्लॉटवर 17,600 चौरस मीटर बांधकाम, आणि जिन्या-पॅसेजच्या वाट्यासकट एका फ्लॅटला 88 चौ.मी. धरले (हा आकडा मी धरलाय, तुम्ही तुमचा धरा) तर 200 फ्लॅट. पण खरी गोम रस्त्यात आहे! समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही, 1.1 वर गाडी थांबली, आणि तोच हेक्टर 30 मीटरच्या रस्त्यावर असेल तर दोन्ही धरून 3 पर्यंत जाता येतं, वर तोच 60 टक्के अँसिलरी, म्हणजे साधारण 545 फ्लॅट. जमीन तेवढीच, फ्लॅट पावणेतीनपट. त्यात हा आकडा कमाल मर्यादेचा. एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर साइड मार्जिन आणि पार्किंग सोडून तो एफएसआय प्रत्यक्षात बसतच नाही बऱ्याचदा, त्यामुळे गुंठेवारीच्या, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या भागात नुसता एफएसआय गुणून काढलेला आकडा कायम फुगलेला येतो.

आता घनता. केंद्राच्या 2014 च्या यूआरडीपीएफआय या नियोजनाच्या गाइडलाइन्समध्ये सपाटीवरच्या महानगरांसाठी हेक्टरी 125 ते 175 माणसं दिलीत. 150 धरा, घरटी चार माणसं, म्हणजे हेक्टरी जेमतेम 37 घरं. वरती 200 आणि इथे 37, मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही, कारण 37 च्या हेक्टरात रस्ते, शाळा, बागा, दवाखाने, ऑफिसं सगळं आलं, आणि 200 चा हेक्टर हा फक्त इमारतींचा प्लॉट आहे. लोक नेमकी इथेच सरमिसळ करतात, प्लॉटचा दर उचलतात आणि नकाशावरच्या अख्ख्या पिवळ्या, म्हणजे निवासी झोनला लावून मोकळे होतात.

गाइडलाइनपेक्षा मला आवडतो तो प्रकार म्हणजे आपल्याच प्रभागातला पूर्ण बांधून झालेला पाच-सहा हेक्टरचा तुकडा घ्यायचा, आतल्या रस्त्या-मैदानासकट, त्यातली घरं मोजायची आणि हेक्टरांनी भागायची. यात रो-हाऊस, चाळ, टॉवर सगळं आपोआप येतं. दोष एकच, पण मोठा: हा आकडा जुन्या नियमांनी बांधलेल्या शहराचा असतो, पुढे बांधणारे तेवढंच बांधतील असं नाही.

आणि दोन्ही पद्धतींच्या आधी एक यादी करावी लागते जिचा सगळ्यांना कंटाळा येतो, मोकळी जमीन म्हणजे नेमकी कुठली. सॅटेलाइटवर हिरवं-तपकिरी दिसतं ते सगळं धरलंत तर पालिकेत समाविष्ट गावांमधल्या बीडीपीच्या (जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या) 978 हेक्टर टेकड्याही त्यात येतील, निळ्या पूररेषेच्या आतला, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला नदीकाठ येईल, लष्कराची जमीन येईल. यादीने किती फरक पडतो ते मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलंय. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, गिरणी पाडून रिकामी झालेली जागा वाटणीतून बाहेर! सुप्रीम कोर्टानेही 2006 मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. एक इंचही जमीन इकडची तिकडे न होता म्हाडाच्या घरांची जागा आक्रसली.

त्यामुळे पाणी, शाळा, ड्रेनेज पुरेल का हा मुद्दा मांडायचा असेल तर घनता वापरा, आणि सोसायटीशेजारच्या एका प्लॉटवर काय उभं राहू शकतं ते हवं असेल तर रस्त्याची रुंदी मोजून एफएसआय. अर्जात आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहाच, धरलेलं फ्लॅटचं क्षेत्रफळ, घरटी माणसं आणि कुठली जमीन वगळली ते, नाहीतर सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.